तिघांनी निघू नये

"किती जण? तीन ना?" मी विचारलं.

"तीन," राजवर्धन म्हणाले.

"चार," हेमांगी म्हणाली.

मी की-बोर्डवरचे हात मांडीवर घेतले. नया बाजारातल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या ट्रॅव्हल ऑफिसात मी तेवीस वर्षं बसते आहे. माझ्या कामातला हा सगळ्यात सोपा प्रश्न. हॉटेल कुठलं, जेवण कसलं, यावर नवरा-बायको माझ्यासमोर कडाकडा भांडलेली मी पाहिली आहेत, पण आपण माणसं किती यावर कुणाचं दुमत झालेलं आठवत नाही.

टेबलापलीकडे माणसं तीनच होती. वीज मंडळात इंजिनिअर असलेले राजवर्धन भोईटे, त्यांची बायको हेमांगी, आणि भिंतीकडच्या खुर्चीत शाल घट्ट लपेटून बसलेल्या राजवर्धनांच्या आई, शांताताई. सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि बाहेर इतकं धुकं होतं की समोरच्या साडीच्या दुकानाची पाटीही दिसत नव्हती. पौषात ग्वाल्हेरला असं आठ-आठ दिवस चालतं. ट्यूबलाईट लावून बसायचं आणि सूर्य उगवला आहे असं धरून चालायचं.

"ट्रेनमध्ये आमनेसामने चार जागा असतात ना, शरयूताई?" हेमांगी म्हणाली. "त्या चारही आपल्या घे. मध्ये कुणी अनोळखी नको बसायला."

"ट्रेन ठरली कुठे अजून?" राजवर्धन म्हणाले. "मी तर कारच म्हणतोय. आईचे गुडघे बघ ना जरा. स्टेशनाच्या पायऱ्या ती कशी चढणार?"

"त्यांना विचारा, येणं जरुरी आहे का म्हणून," हेमांगी म्हणाली.

शांताताई तिच्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पुढच्या मंगळवारी त्यांची दिल्लीला व्हिसाची तारीख होती. अर्जाला प्रवासाचा आराखडा जोडावा लागतो, कुठे उतरणार, कशानं फिरणार, सगळं. म्हणून आज ठरायलाच हवं होतं, कार की ट्रेन. जायचं होतं इटलीच्या समुद्रकिनाऱ्यावर, तेही फेब्रुवारीत. फेब्रुवारीत तिथे कुणी जात नाही. निम्मी हॉटेलं बंद असतात, छत्र्या मिटलेल्या असतात आणि समुद्र खवळलेला असतो. पण हे तिघं काही हवापालटाला निघाले नव्हते. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतच त्यांची एकुलती एक मुलगी, गरिमा, त्या किनाऱ्यावरून नाहीशी झाली होती.

ती तुरिनला शिकत होती. तेवीस वर्षांची होती. परीक्षा संपल्यावर ती आणि तिच्या दोन मैत्रिणी चार दिवसांसाठी सान बास्तियानो नावाच्या एका लहानशा गावी निघाल्या. मैत्रिणी कारनं गेल्या आणि गरिमा एकटी ट्रेननं. वाटेत डोंगरातल्या रस्त्यावर दरड आली आणि कार अडीच तास अडकून पडली. गरिमा वेळेवर पोचली होती. त्यांची वाट बघत ती स्टेशनाबाहेरच्या खडकांवर जाऊन बसली. एका म्हाताऱ्यानं तिला घराच्या खिडकीतून पाहिलं. त्यानं कॉफी ओतून घेतली आणि पुन्हा बाहेर पाहिलं, तेव्हा खडक ओला होता आणि त्यावर कुणी नव्हतं.

तिचा देह मिळाला नाही. सहा महिने वाट बघून राजवर्धनांनी दर्भाचा पुतळा केला आणि शास्त्राप्रमाणे सगळं उरकलं. त्या दिवशी हेमांगी गच्चीवर जाऊन बसली होती आणि कुणाच्या बोलावण्यानं खाली आली नाही. तिच्या लेखी घरातली माणसं अजून चार होती.

आता मी माझं सांगते, कारण ते दडवून पुढे काही सांगण्यात अर्थ नाही.

हेमांगी माझी शाळेतली. गोरखीतल्या शाळेत ती माझ्या तीन वर्षं मागे होती. लग्न होऊन ती दौलतगंजात राहिली, मी लग्नच केलं नाही, पण येणंजाणं टिकलं. गरिमा मला मावशी म्हणायची. तिचं इटलीला जायचं पहिलं तिकीट मीच काढलं होतं, आणि नंतरही कुठे जायचं झालं की ती आधी मला फोन करायची. मालक गिऱ्हाइकांना गमतीनं सांगतात की या बाई आग्र्याच्या पुढे गेलेल्या नाहीत, पण रोमचा प्रत्येक प्लॅटफॉर्म त्यांना स्वयंपाकघराइतका ओळखीचा आहे. ते खरं नाही. मी पुण्याला दोनदा जाऊन आले आहे.

तर त्या फेब्रुवारीतही तिनं मला व्हिडिओ कॉल केला. मी डबा खात होते. "मावशी, बता ना, कार की ट्रेन? त्या दोघी तर कार म्हणतायत."

"तिघी?" मी म्हणाले. "तीन तिगाडा, काम बिगाडा. तिघींनी निघू नये. तू आपली ट्रेननं जा, समुद्र बघत. त्यांना येऊ दे कारनं."

एवढंच. तोंडात घास होता. आमच्याकडे शुभकार्याला, बघण्याला, देवाला तिघांनी जात नाहीत. जायचंच झालं तर चौथी म्हणून सुपारी घेतात, नाहीतर वाटेतला एखादा खडा. माझी आई बाजारातसुद्धा तीन बायकांना एकत्र जाऊ द्यायची नाही. मी हे मानते का, तर मला माहीत नाही. तोंडाला वळण असतं, आणि वळण विचार करायला थांबत नाही.

गरिमा खळखळून हसली होती. "ओके मावशी," म्हणाली.

तेव्हापासून मी कुणाला 'हे करा' असं सांगितलेलं नाही. कारचे फायदे सांगते, ट्रेनचे फायदे सांगते आणि गप्प बसते. मालकांना वाटतं मी म्हातारी झाले.

आणि आणखी एक. सान बास्तियानोच्या धक्क्यावर एक कॅमेरा लावलेला आहे. हवामान बघायला लोक तो इंटरनेटवर उघडतात. मी रोज दुपारी डबा खाताना उघडते. आवाज नसतो. राखाडी समुद्र येतो आणि जातो, खडक भिजतात आणि सुकतात. कधी कधी खडकावर कुणीतरी पाठमोरं उभं असतं. मी घास हातात धरून थांबते. मग ते माणूस मागे फिरतं आणि मी जेवायला लागते.

ती बातमी आल्यापासून हेमांगी माझ्याकडे आली नव्हती. मीही तिच्याकडे गेले नव्हते. दुःखात आहे, एकटं राहू द्यावं, असं मी स्वतःला सांगत होते. आज दोन वर्षांनी ती जिना चढून आली, कारण शहरात इटलीचं नीट काम करणारं दुसरं कुणी नाही.

जिन्यात पावलं वाजली. खालच्या टपरीवाला संग्रामसिंह चहा घेऊन आला. मी सांगितला नव्हता, पण माणसं वर चढताना दिसली की तो आपणहून आणतो. त्यानं राजवर्धनांसमोर पेला ठेवला, हेमांगीसमोर ठेवला, शांताताईंच्या हातात दिला, माझा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. एक पेला त्याच्या हातात उरला. तो इकडेतिकडे बघायला लागला.

"बिटिया कहाँ गई?" त्यानं विचारलं.

"कौन बिटिया?"

"जो आप लोगों के पीछे-पीछे चढ़ी थी. चार सवारी गिनी थीं मैंने."

"कोहरे में क्या गिनोगे तुम," मी म्हणाले, जरा चढ्या आवाजात. तो गोंधळला आणि पेला परत न्यायला वळला.

"रहने दो," हेमांगी म्हणाली. तिनं तो पेला घेतला आणि आपल्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. राजवर्धनांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. चहाची वाफ वर जात होती.

मी कामाला लागले. काम हे एक बरं असतं. भोईटे हे आडनाव मी मशीनमध्ये टाकायला घेतलं. आमच्या मशीनला खोड आहे, दोन अक्षरं टाकली की जुने प्रवासी ते आपणहून पुढे करतं. या मशीनमध्ये कितीतरी माणसं अशी आहेत जी आता नाहीत. खिडकीकडची जागा, शाकाहारी जेवण, सगळं अजून तयार आहे त्यांचं. मी कुणाला कधी पुसलं नाही. भोईटेंची पहिली दोन अक्षरं टाकली आणि पडद्यावर आलं, गरिमा राजवर्धन भोईटे, वय तेवीस. मशीनच्या हिशेबी ती पंचवीस झालेलीच नव्हती. मी पडदा माझ्याकडे वळवून घेतला.

"कारचं सांगते," मी म्हणाले. "कार हवी तिथे थांबवता येते. फेब्रुवारीत पार्किंगचा त्रास नाही. ताईसाहेबांच्या गुडघ्यांना पायऱ्या नाहीत. पण तिथे उजव्या बाजूनं चालवायचं असतं, रस्ता अरुंद, एकीकडे कडा. साडेपाचला अंधारून येतं. आणि पावसाळी हवेत रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही."

दरड हा शब्द मी गिळला.

"मी चालवीन आरामात," राजवर्धन म्हणाले. "शिवपुरीचा घाट काय कमी आहे? आणि मला मध्ये मध्ये थांबायचंय, शरयूताई. प्रत्येक गावात. पोलिसांनी दहा दिवस शोधलं म्हणतात. दहा दिवसांत काय होतं? मला स्वतःला विचारायचंय लोकांना."

हे शांत गृहस्थ दर्भाचा पुतळा जाळून मोकळे झाले असं सगळं ग्वाल्हेर समजत होतं. मीही समजत होते.

"आणि ट्रेन?" हेमांगीनं विचारलं.

"ट्रेन जेनोआहून. निम्मा रस्ता बोगद्यांतून जातो. बोगदा, मग जरासा समुद्र, मग पुन्हा बोगदा. सान बास्तियानोला हिवाळ्यात कमी ट्रेन थांबतात, म्हणून अलीकडच्या मोठ्या स्टेशनावर बदलावी लागते. लिफ्ट नाही. आणि," मी थांबले, "मोठ्या ट्रेनमध्ये प्रत्येक जागेवर नाव द्यावं लागतं. चार जागा घेतल्या तर चार नावं."

"मग दे ना नाव," हेमांगी म्हणाली. "तुझ्याजवळ आहेच की."

राजवर्धनांनी कपाळ चोळलं. "हेमा, बस कर आता."

"का बस करू? कारमध्ये काय होणार मला माहीत आहे. तुम्ही पुढे, आई पुढे, मी मागे, आणि माझ्या बाजूला रिकामं. ट्रेनमध्ये निदान समोर जागा असेल तिची. आणि मला बघायचंय ती कशातून गेली ते. का गेली ते." तिचा आवाज अजून शांत होता. "त्या दोघी मैत्रिणी कारमध्ये सुखरूप बसल्या होत्या, शरयूताई. माझीच एकटी ट्रेननं का गेली? दोन वर्षं मी हेच विचारतेय."

"विचारून उत्तर मिळालंय तुला," राजवर्धन हळू म्हणाले.

"हो. मिळालंय. त्या दोघींतली ती इंदूरची सांगत होती ना. गरिमा तिला बोलली, घरचं कुणीतरी म्हणालंय, तिघींनी एकत्र निघू नये." हेमांगी शांताताईंकडे बघत नव्हती, त्यांच्या शेजारच्या कॅलेंडरकडे बघत होती. "आमच्या घरात असलं कोण बोलतं, ते सगळ्या दौलतगंजला ठाऊक आहे. मांजर आडवी गेली की माघारी, शनिवारी नखं नाही. एका शब्दानं पोर गेली माझी."

शांताताईंनी पेला खाली ठेवला. 

"म्हटलं असेल मी," त्या म्हणाल्या.

 घरचं कुणीतरी. गरिमानं मला घरचं म्हटलं होतं, आणि माझ्या जागी त्या घरात दोन वर्षं ही बाई उभी होती. सून तिच्याशी बोलत नव्हती, पाणी हवं का हे नवऱ्याकरवी विचारत होती, आणि ती नातीचं मरण डोक्यावर घेऊन त्याच घरात उठत-बसत होती.

मी खोटं सांगणार नाही. पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हेच, की गप्प बसता येईल. त्या स्वतःच कबूल करताहेत. कदाचित त्याही बोलल्या असतील. अशी बाई नातीला हे म्हणाली नसेल असं थोडंच आहे? आणि मी बोलले तर काय उरणार होतं? हेमांगी, जी माझी शाळेपासूनची एकच मैत्रीण, ती जाणार होती. आणि नया बाजारात तोंड दाखवायची सोयही. मी माउस धरून बसले होते.

"शरयूताई," राजवर्धन म्हणाले, "आमचं हे असं चालायचं. तुम्हीच सांगा. कार की ट्रेन? तुम्ही म्हणाल तसं करू."

तोच प्रश्न. बाहेर धुक्यात कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, त्याचा आवाज येत होता. हेमांगीनं शेजारी ठेवलेल्या चहावर साय धरली होती.

"मला हे आधी एकदा विचारलं होतं," मी म्हणाले. "गरिमानं. मीच सांगितलं, ट्रेननं जा म्हणून. तिघींनी निघू नये, हे मी म्हणाले होते. ताईसाहेब नाही. मी."

 मग शांताताई खुर्चीतून पुढे झुकल्या.

"पोरी, तू का मध्ये पडतेस?" त्या म्हणाल्या. "आमचं घरचं आहे ते. मला बरं वाटावं म्हणून बोलतेय ही, राजा. लक्ष नका देऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नको, अशा अर्थानं. त्या क्षणी मला कळलं की त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मी म्हणाले हे ठाऊक नसेल, पण आपण म्हटलं नव्हतं हे ठाऊक होतं.

त्या मला वाट देत होत्या, आणि तीच मला सोसेना. मी पर्समधून फोन काढला. दोन वर्षांत दोन फोन बदलले, पण तेवढं संभाषण मी प्रत्येक वेळी जपून नव्यात घेतलं होतं. ते उघडून मी हेमांगीसमोर ठेवलं.

गरिमाचा तो मेसेज त्याच दिवशी दुपारी आला होता, ट्रेनमधून. 'मावशी, ऐकलं तुझं. तिघी नाही निघालो. पूर्ण डब्यात मी एकटी राणी.' खाली फोटो, ट्रेनच्या खिडकीचा. मग आणखी एक, 'एक अजीब गोष्ट आहे. बोगद्यात शिरलं की काचेत समोर कुणीतरी बसलेलं दिसतं. बाहेर आलं की सीट रिकामी.'

त्याखाली माझं उत्तर होतं. 'डोळे तपास बाई.' आणि एक हसरा चेहरा. त्यानंतर काही नाही.

हेमांगीनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. आपल्या मुलीचा शेवटचा फोटो दोन वर्षं दुसऱ्या कुणाच्या पर्समध्ये होता हे तिच्या ध्यानात येताना मी पाहिलं. ती मला मारेल असं वाटलं, आणि खरं सांगते, मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं फोटोवर दोन बोटं ठेवून तो मोठा केला.

तो फोटो मला पाठ आहे. बोगद्यात काढलेला. बाहेर काळोख, म्हणून काचेत आतला डबा दिसतो. गरिमाचा अर्धा चेहरा, हातातला फोन, पिवळा मफलर. आणि तिच्या समोरच्या सीटवर काहीतरी. उंच, गडद, जरा पुढे झुकलेलं. मी ते शेकडो वेळा पाहिलं आहे. जाकीट टांगलं असेल, असं म्हणत आले. पण डब्यात ती एकटीच होती, आणि तिचं जाकीट तिच्या अंगात होतं.

"ही कोण?" हेमांगीनं विचारलं.

राजवर्धनांनी वाकून पाहिलं. "कोण नाही. काचेत उजेड पडलाय. सीटची पाठ असेल."

"आणा इकडे," शांताताई म्हणाल्या.

राजवर्धनांनी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावलाही नाही. बराच वेळ बघत राहिल्या.

"बाई आहे," त्या म्हणाल्या. "पदर आहे डोक्यावर. बसलीये तिच्याकडे बघत."

 दोन वर्षं मला जी भीती वाटत होती ती हीच, की कुणीतरी दुसरं माणूस हे असं सरळ सांगेल. मी पाठवलं त्या ट्रेनमध्ये तिच्यासमोर काय येऊन बसलं होतं, आणि तिला कुठे न्यायला आलं होतं, हे मला कधीच ऐकायचं नव्हतं.

पण हेमांगीनं फोन परत घेतला, छातीशी धरला आणि डोळे मिटले.

"म्हणजे एकटी नव्हती," ती म्हणाली.

आणि ती रडली. दोन वर्षांत ती कुणासमोर रडली नव्हती, हे मला नंतर राजवर्धनांनी सांगितलं. आम्ही तिघं बघत बसलो. रडू ओसरल्यावर राजवर्धन आईकडे वळले.

"आई, तू एकदाही म्हणाली नाहीस, की मी नाही बोलले म्हणून."

"काय म्हणायचं त्यात," शांताताई म्हणाल्या. "तिला कुणावर तरी राग काढायला हवा होता. समुद्रावर काढता येतो का? बाहेर कुठे शोधत फिरली असती? मी घरातच होते."

त्यांनी शालीच्या टोकानं नाक पुसलं. "म्हटलं, माझ्यावर काढू दे. तेवढीच जगेल."

हेमांगी उठली. तिनं माझा फोन टेबलावर ठेवला, माझ्याकडे न बघता. ती शांताताईंसमोर जाऊन उभी राहिली. हात नुसते पदराशी चाळा करत होते.

"चहा गार झाला तुमचा," ती शेवटी म्हणाली. "दुसरा सांगू?"

"नको गं," शांताताई म्हणाल्या. "घरीच घेऊ."

तिनं सासूला दंडाला धरून उठवलं. जिना अंधारा होता. एक एक पायरी उतरताना हेमांगीचा आवाज येत होता, 'आता डावा, आता उजवा.' कार की ट्रेन हे न ठरताच ते गेले. टेबलावर पाच पेले राहिले. संग्रामसिंह न्यायला आला तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं, कारण त्यातले किती रिकामे होते हे मला मोजायचं नव्हतं.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मी कामावर येत होते आणि दर वेळी जिन्यात पावलं वाजली की पाण्याचा ग्लास उचलत होते. दुपारी डबा उघडला, पण कॅमेरा उघडला नाही. उघडला असता तर खडकावर कुणीतरी उभं असतं आणि ते या वेळी मागे फिरलं नसतं, अशी काहीतरी खात्री वाटत होती. या वयात अशा गोष्टी वाटू नयेत. वाटतात.

शनिवारी बाराच्या सुमाराला हेमांगी आली. एकटी. धुकं तसंच होतं, तिच्या केसांवर बारीक थेंब होते. ती माझ्यासमोर बसली.

"ट्रेन," ती म्हणाली. "चार जागा. समोरासमोर. यांना मी सांगितलंय, तिथे पोचल्यावर कार घ्या आणि हवं त्या गावात विचारा. पण जाताना ट्रेन."

"चौथं नाव?" मी विचारलं. 

"तुझं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"पासपोर्ट आहे ना तुझा?"

"आहे. कोराच आहे. पण हेमा, मी कशी..."

"तिघांनी निघू नये म्हणालीस ना तू? मग ये चौथी."

"तुझा राग..."

"राग गेलेला नाही," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "जाणारही नाही. दोन वर्षं मी तो आईंवर काढला. रोज. त्यांनी एक शब्द काढला नाही. आता त्या थकल्या आहेत, शरयूताई, आणि तो ठेवायचा कुठे मला समजत नाहीये. तू समोर बसशील. मी तुझ्याकडे बघीन. बोलेन की नाही, माहीत नाही."

मी मान हलवली. नाही म्हणायचा मला हक्क नव्हता, आणि हेही खरं की मला नाही म्हणायचं नव्हतं. दोन वर्षं कुणीतरी माझ्याकडे असं सरळ बघावं याची मी वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं.

मी ड्रॉवरमधून आमच्या ऑफिसचा फॉर्म काढला. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाकडून आम्ही तो भरून घेतो. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, रक्तगट लिहिला. हेमांगी समोर बसून बघत होती. शेवटच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. 'काही झाल्यास कुणाला कळवावे.' आई गेल्यापासून माझं तसं कुणी नाही. जबलपूरचा भाऊ आहे, पण त्याचा नंबर कुठला चालू आहे तेही मला माहीत नव्हतं.

हेमांगीनं कागद आपल्याकडे ओढला, माझ्या हातातून पेन घेतलं आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं.

"अगं, पण तू तर सोबतच असशील," मी म्हणाले.

"असेन ना," ती म्हणाली. "या वेळी सगळ्यात आधी मला कळेल."

मग तिनं खाली आपला नंबर लिहिला, आणि एक एक आकडा मोठ्यानं वाचून मला तपासायला लावला.